चुलींचा धर्मग्राम : वेल्समधील ह्लानविहाङेल

ख्रिस्ती धर्मव्यवस्थेत एका चर्चच्या अधिकाराखाली येणाऱ्या मुलखाला 'पॅरिश' म्हणतात. वसईकडील मराठी ख्रिस्ती समाजाने त्यासाठी 'धर्मग्राम' हा शब्द रूढ केला आहे. शब्द अन्वर्थक आहे. परंतु त्यातील 'ग्राम' हे पद वेल्सच्या डोंगराळ भागात वाचकाची फसगत करते. चर्चभोवती दाटीने वसलेले, चावडी, बाजार आणि गल्ल्या असलेले गाव तेथे बहुधा आढळत नाही. चर्च, त्याचे दफनस्थान, एखादे मद्यगृह, शाळा आणि चार-दोन घरे एवढाच त्या 'ग्रामा'चा मध्य. बाकीची सारी वस्ती मैलोगणती पसरलेल्या एकेकट्या शेतघरांत विखुरलेली. अशा ठिकाणी समाज म्हणून जे काही असते ते कोठे वसते, आणि त्या समाजाची भाषा कशाच्या आधाराने टिकते, हे दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. उत्तर वेल्समधील ह्लानविहाङेल-अङ्-ङ्विन्वा या छोट्या धर्मग्रामाच्या इतिहास-भूगोलात त्यांचे बरेचसे उत्तर सापडते.

१. नाव

या लांबलचक नावाची फोड करणे हाच त्या मुलखात शिरण्याचा सोपा मार्ग होय. पहिला घटक 'ह्लान'. त्यातील आद्य व्यंजन देवनागरीत नेमके लिहिता येत नाही; जीभ 'ल'च्या स्थानी ठेवून, घोष न करता, नुसता श्वास कडेने सोडला म्हणजे ते उमटते. 'ह्लान'चा आजचा अर्थ चर्च किंवा चर्चचे आवार. पण मूळ अर्थ केवळ कुंपण घातलेली जागा असा होता. फळबागेला 'पेरह्लान', द्राक्षमळ्याला 'ग्विनह्लान' आणि मेंढवाड्याला 'कोरलान' म्हणतात, त्यांत तो जुना अर्थ अद्याप जिवंत आहे.

दुसरा घटक 'मिहाङेल', म्हणजे देवदूत मायकेल. 'ह्लान' हे नाम स्त्रीलिंगी असल्यामुळे त्यापुढे आलेल्या विशेषनामातील आद्य 'म'चा 'व' झाला. तिसरा घटक 'अङ्', म्हणजे 'मध्ये'. या शब्दयोगी अव्ययाच्या सान्निध्याने 'ग्विन्वा' या शब्दातील 'ग'चा 'ङ' झाला. 'ग्विन्वा' याचा आजच्या वेल्शमध्ये अर्थ नंदनवन, आनंदभूमी. तेव्हा संपूर्ण नाव 'ग्विन्वामधील मायकेलचे चर्च' असे वाचले जाते.

संस्कृत व्याकरणाची ओळख असलेल्या वाचकास यात संधीचा भास होईल, आणि उगमाच्या दृष्टीने तो अगदीच चुकीचा नाही. शेजारच्या ध्वनीमुळे घडलेला हा विकार पुढे मूळ ध्वनी लोपल्यावरही उरला आणि त्याला व्याकरणिक कार्य प्राप्त झाले. लिंग, स्वामित्व, कर्म इत्यादी गोष्टी वेल्श भाषा शब्दाच्या शेवटी दाखवते त्याहून अधिक वेळा शब्दाच्या आरंभी दाखवते. परक्याला नकाशावरील नाव कोशात शोधता येत नाही याचे कारण हेच.

२. भूमी

ह्लानविहाङेल हा पूर्वीच्या मॉन्टगोमेरीशर परगण्याच्या उत्तर भागात येतो. १९७४ सालच्या पुनर्रचनेनंतर हा भाग पोविस परगण्यात समाविष्ट झाला. ईशान्येस काइन नदीच्या खोऱ्यातील ह्लानवह्लिन हे बाजाराचे गाव, पश्चिमेस ह्लानूदिनचा धर्मग्राम, आणि दक्षिणेच्या बाजूस एव्हर्नुई नदी. इंग्रजी नकाशांवर ही नदी 'व्हर्न्वी' म्हणून दाखविलेली असते. डोलानोग आणि पॉन्ट्रोबर्ट या खेड्यांवरून वाहत ती पुढे सेव्हर्न नदीस मिळते. या खोऱ्यांच्या मधला उंचसखल पठारी प्रदेश म्हणजे ह्लानविहाङेल.

भूमी हिरवीगार, पण पाऊस भरपूर आणि उन्हाळा थंड असल्यामुळे धान्याला फारशी अनुकूल नाही. गवत, मेंढ्या आणि गुरे हाच येथील शेतीचा पाया. अशा शेतीला प्रत्येक कुटुंबाजवळ घराभोवती कुंपणाची कुरणे आणि वरच्या अंगाला डोंगरावरील चराई लागते. शेतकरी आपल्या जनावरांपासून दूर राहू शकत नाही. म्हणून घर शेतात असते. शेतघरांची नावे भूमीच्या बारीकसारीक खुणांवरून पडलेली आहेत. 'डोल' म्हणजे नदीकाठची सपाट कुरणाची जमीन, 'पेन' म्हणजे माथा किंवा टोक, 'पॉन्ट' म्हणजे पूल. जुन्या काळी वेल्समध्ये अनेक कुटुंबांची दोन घरे असत : खालचे हिवाळ्याचे 'हेन्द्रे' आणि डोंगरावरचे उन्हाळ्यातील गुराख्याचे 'हावोद'. हे दोन्ही शब्द वेल्सभर स्थलनामांत आजही भेटतात.

शेतघराच्या नावाला आणखी एक महत्त्व आहे. पूर्वी वेल्श माणसाच्या नावापुढे आडनाव नसे. बाप आणि आजा यांची नावे लागत. पुढे इंग्रजी शासनपद्धतीच्या प्रभावाने ही नावे आडनावे म्हणून गोठली, आणि जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, ह्यूज अशा मोजक्याच आडनावांत सारा समाज सामावला. एका धर्मग्रामात एकाच नावाची पाच-सहा माणसे निघू लागल्यावर ओळख पटविण्याचे काम शेतघराने केले. अमका जॉन म्हणण्याऐवजी अमक्या घरचा जॉन असे म्हणावे लागे. घर हे केवळ राहण्याचे ठिकाण नव्हते. ते माणसाचे नाव होते.

३. सत्ता आणि वहिवाट

मध्ययुगात हा प्रदेश पोविसच्या वेल्श राज्यात मोडत असे. वेल्श कायद्यानुसार बापाची जमीन सर्व मुलांत समान वाटली जाई. १२८२-८४ मध्ये इंग्रजांनी वेल्स जिंकले तरी ही वाटणी चालू राहिली. १५३६ ते १५४३ या काळातील कायद्यांनी वेल्स इंग्लंडमध्ये विलीन केले, तेव्हा ती रद्द होऊन ज्येष्ठ पुत्राच्या वारशाची पद्धत आली. मॉन्टगोमेरीशर परगणाही १५३६ च्या कायद्यानेच निर्माण झाला. त्याच कायद्याने न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरविली आणि केवळ वेल्श जाणणाऱ्यास अधिकारपद नाकारले.

या धर्मग्रामात सत्तेचे केंद्र होते ह्लुइद्यार्थ येथील व्हॉन घराण्याचा वाडा. अठराव्या शतकाच्या आरंभी या घराण्याची वारस ॲन व्हॉन हिचा विवाह वॉटकिन विल्यम्स-विन याच्याशी झाला, आणि ह्लुइद्यार्थची जमीन उत्तर वेल्समधील सर्वांत बलाढ्य अशा विनस्टे जहागिरीत गेली. जमीनदार दूर गेला, त्याची भाषा इंग्रजी झाली. कुळे जागेवर राहिली आणि त्यांची भाषा वेल्शच राहिली. राजसत्ता, न्यायालय व जमीनदारी ही तीनही केंद्रे अशा प्रकारे वेल्श भाषेला पारखी झाल्यावर तिला आश्रय उरला तो दोनच ठिकाणी. एक चर्च, कारण १५८८ साली विल्यम मॉर्गनचे वेल्श बायबल प्रसिद्ध झाल्यापासून उपासना वेल्शमध्ये होऊ लागली होती. मॉर्गन त्या वेळी ह्लानराइआदर-अम्-मोख्नान्त या याच भागातील धर्मग्रामाचा उपाध्याय होता. दुसरे ठिकाण चूल.

४. चूल

वेल्शमध्ये चुलीला आणि चुलीभोवतीच्या जागेला 'आइलुइद' म्हणतात. लक्षणेने तो शब्द घर आणि कुटुंब यांचाही वाचक होतो. मराठीत 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणताना जो अर्थ अभिप्रेत असतो, त्याच्या जवळचाच हा अर्थ. ह्लानविहाङेलच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट अशी, की ज्या संस्था अन्यत्र गावाच्या मध्यभागी उभ्या राहिल्या त्या येथे चुलीपर्यंत चालत आल्या.

प्रथम शाळा. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स याने आणि त्यानंतर बाला येथील टॉमस चार्ल्स याने वेल्समध्ये फिरत्या शाळा चालविल्या. शिक्षक एका ठिकाणी काही महिने राही, मुलांना व प्रौढांना वेल्श बायबल वाचण्यापुरते शिकवी, आणि पुढच्या वस्तीकडे जाई. विखुरलेल्या वस्तीला शाळा पुरविण्याचा यापेक्षा स्वाभाविक मार्ग नव्हता. नंतर आला मेथडिस्ट पंथ. त्याच्या सभासदांच्या बैठका प्रार्थनामंदिरे बांधली जाण्यापूर्वी शेतघरांतूनच भरत, आणि पुढेही ती प्रथा एकदम मोडली नाही.

डोल्वार वाख हे असेच एक शेतघर. तेथे १७७६ मध्ये ॲन टॉमस जन्मली. विवाहानंतरच्या ॲन ग्रिफिथ्स या नावाने ती वेल्श साहित्यात प्रसिद्ध आहे. तिच्या वडिलांचे नाव जॉन इव्हान टॉमस. जुन्या नामपद्धतीचा हा नमुनाच. १७९६ मध्ये ह्लानवह्लिन येथे एक प्रवचन ऐकून तिच्या मनाने पलटा घेतला आणि लवकरच ती पॉन्ट्रोबर्ट येथील मेथडिस्ट मंडळात सामील झाली. टॉमस चार्ल्सच्या हस्ते प्रभुभोजनाचा संस्कार घेण्यासाठी ती बेरविनचे डोंगर ओलांडून पायी बालाला जात असे. ऑक्टोबर १८०४ मध्ये तिचा विवाह झाला आणि पुढील ऑगस्टमध्ये, प्रसूतीनंतर, वयाच्या २९ व्या वर्षी ती मरण पावली. तिचे दफन ह्लानविहाङेलच्या चर्चच्या आवारात आहे.

तिची स्तोत्रे वेल्श भाषेतील श्रेष्ठ धार्मिक काव्यात गणली जातात. ती टिकली कशी, हा संहिताशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहण्याजोगा प्रश्न आहे. सत्तरांहून थोडी अधिक कडवी आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरात केवळ एक, एका पत्राच्या शेवटी लिहिलेले, शिल्लक आहे. उरलेली सारी डोल्वार वाखमधील मोलकरीण रूथ इव्हान्स हिच्या स्मरणातून आली. ॲन रचना करून तिला म्हणून दाखवी. रूथला लिहिता येत नव्हते. १८०५ मध्ये रूथचा विवाह जॉन ह्यूज याच्याशी झाला. ॲनच्या मृत्यूनंतर रूथने ती स्तोत्रे म्हणावीत आणि ह्यूजने ती वह्यांत उतरवून घ्यावीत, असे घडले. १८०६ मध्ये बाला येथे छापलेल्या संग्रहात ती प्रथम आली, पण तेथे संपादकांचा हात फिरलेला होता. ह्यूजच्या वह्या पुढे आबेरिस्तविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचल्या आणि नंतरच्या संपादकांना मूळ पाठाकडे परतता आले.

या परंपरेची साखळी लक्षात घ्यावी : चुलीजवळची रचना, चुलीजवळचे पाठांतर, आणि फिरत्या शाळेतील एका शिक्षकाची वही. यांत राजाश्रय नाही, विद्यापीठ नाही, छापखाना अगदी अखेरीस आहे. तिहींपैकी एकही दुवा तुटता तर काव्य नाहीसे झाले असते, आणि ते नाहीसे झाले हे कोणास कळलेही नसते.

अशीच परंपरा 'प्लगाइन' या नाताळच्या गायनविधीत दिसते. कोंबडा आरवण्याची वेळ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हे नाव आले. पूर्वी तो नाताळच्या पहाटे होई, आता डिसेंबर-जानेवारीतील संध्याकाळी होतो. उपासना संपल्यावर चर्च गायकांसाठी मोकळे ठेवले जाते. कोणी नावे पुकारत नाही. एकेक मेळा, पुष्कळदा एकाच कुटुंबातील, पुढे येतो, वाद्यांच्या साथीवाचून गातो आणि जागेवर परततो. एकाने गायिलेले गीत त्या रात्री दुसरा गात नाही. गीतांच्या हस्तलिखित वह्या घराघरांत जपलेल्या असतात. ह्लानविहाङेल हे या प्रथेच्या जिवंत राहिलेल्या ठिकाणांपैकी एक होय. चर्चमध्ये त्या रात्री जे एकत्र येते ते वर्षभर चुलींपाशी जपलेले असते.

५. दूर गेलेली लिपी

जॉन ह्यूज याचा जन्म १७७५ साली याच धर्मग्रामातला. तो आधी विणकर होता, मग फिरत्या शाळेचा शिक्षक आणि पुढे धर्मोपदेशक झाला. पेनदिगुम या शेतघरी १७७२ मध्ये जन्मलेला जॉन डेव्हिस हाही तसाच शिक्षक. तो १८०० मध्ये जहाजाने निघून पुढील वर्षी ताहिती बेटावर मिशनरी म्हणून पोहोचला आणि १८५५ मध्ये तेथेच वारला. त्याने ताहिती भाषेची शब्दाक्षरे आणि व्याकरण सिद्ध केले. त्याचा ताहिती-इंग्रजी कोश १८५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा आणि ह्यूजचा पत्रव्यवहार दीर्घकाळ चालू होता. चार वर्षांच्या अंतराने एकाच विरळ वस्तीच्या धर्मग्रामात जन्मलेल्या तिघांपैकी एकीने आपल्या भाषेत काव्य रचले, दुसऱ्याने ते लिहून ठेवले, आणि तिसऱ्याने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका अलिखित भाषेचा कोश केला.

भारतीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण खासी भाषेचे आहे. याच परिसरातील ह्लानगन्यू या धर्मग्रामात १८१० मध्ये जन्मलेला टॉमस जोन्स १८४१ मध्ये चेरापुंजीस आला. त्यापूर्वी श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी खासीसाठी बंगाली लिपी वापरली होती. जोन्सने रोमन लिपी निवडली, आणि तीही इंग्रजी वळणाची नव्हे, तर वेल्श वळणाची. खासी वर्णमालेत आजही 'के' हे अक्षर 'बी'च्या पाठोपाठ, वेल्शमधील 'सी'च्या जागी येते. 'ग' नंतर 'ङ' हे जोडअक्षर स्वतंत्र वर्ण म्हणून येते. आणि 'वाय' या अक्षराने एक मध्य स्वर दर्शविला जातो. वेल्श वर्णमालेची ही खूण मेघालयातील शाळकरी मूल पहिल्या इयत्तेत गिरवते.

६. रीस यांचा अभ्यास

समाजशास्त्राच्या क्षेत्रात ह्लानविहाङेलचे नाव झाले ते अल्विन रीस (१९११-१९७४) यांच्यामुळे. आबेरिस्तविथ येथील विद्यापीठ महाविद्यालयाच्या बहिःशाल शिक्षणाचे अध्यापक म्हणून ते मॉन्टगोमेरीशरमध्ये काम करीत असत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी या धर्मग्रामाची पाहणी केली, आणि १९५० मध्ये 'लाइफ इन अ वेल्श कंट्रीसाइड' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्रिटनमधील ग्रामसमाजाच्या सखोल अभ्यासाचा तो आरंभीचा आणि आजही वाचला जाणारा नमुना आहे.

रीस यांनी शेती, घर, चूल, कुटुंब, आप्तसंबंध, शेजार, तरुणांचे मेळे, चर्च आणि प्रार्थनामंदिर या क्रमाने समाजाची मांडणी केली. त्यांचे मुख्य प्रतिपादन असे, की येथे गाव नाही म्हणून समाज नाही असे समजणे हा इंग्रज पाहणाऱ्याचा पूर्वग्रह होय. लोकर कातरणी आणि मळणी यांना शेजारी एकमेकांच्या घरी जातात, आप्तसंबंधांचे जाळे सर्व घरांना जोडते, आणि रात्री चुलीभोवती जमलेली मंडळी हीच समाजाची खरी बैठक असते. विखुरलेल्या वस्तीला केंद्र नसते असे नाही. जितकी घरे तितकी तिची केंद्रे असतात.

या प्रतिपादनाची एक बाजू पुढे टीकेस पात्र ठरली. विखुरलेली वस्ती ही प्राचीन वेल्श कायद्याच्या काळापासून अखंड चालत आली आहे असा रीस यांचा कल होता. ग्लॅनव्हिल जोन्स या भूगोलशास्त्रज्ञाने, विशेषतः अंकित कुळांच्या बाबतीत, मध्ययुगीन वेल्समध्येही दाट वस्तीच्या वाड्या होत्या असे साधार दाखवून दिले. तेव्हा एकाकी शेतघरांचा हा देखावा काही अंशी नंतरच्या घडामोडींचे फळ आहे. तथापि ही दुरुस्ती उगमापुरती आहे. १९४० च्या सुमारास तो समाज कसा चालत होता या वर्णनाला तिने बाध येत नाही.

७. बुडालेले गाव आणि विझलेल्या चुली

शेजारच्या ह्लानूदिनचा वृत्तांत येथे तुलनेसाठी घ्यावा. लिव्हरपूल शहराला पाणी पुरविण्यासाठी १८८१ पासून एव्हर्नुईच्या खोऱ्यात दगडी धरण बांधण्यात आले. १८८८ पर्यंत खोऱ्यात पाणी चढून ह्लानूदिनचे जुने गाव बुडाले : एक चर्च, दोन प्रार्थनामंदिरे, तीन मद्यगृहे, दहा शेतघरे आणि सदतीस घरे. धरणाखाली नवे गाव वसविले गेले, नवे चर्च उभारले गेले. १९६५ मध्ये त्याच शहरासाठी त्रिवेरिनच्या खोऱ्यातील कापेल केलिन बुडविले गेले, तेव्हा साऱ्या वेल्समध्ये संताप उसळला.

ह्लानविहाङेल बुडाले नाही. तेथून माणसे एकेक करून गेली. मॉन्टगोमेरीशरची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे ६९ हजार होती. १९५१ मध्ये ती सुमारे ४६ हजारांवर आली. भाषेचे चित्रही असेच. वेल्समध्ये १९०१ साली जवळजवळ निम्मी लोकसंख्या वेल्श बोलत होती. २०२१ च्या जनगणनेत हे प्रमाण १७·८ टक्के आहे, आणि पोविस परगण्यात १६·४ टक्के. मधल्या काळात १९६७ व १९९३ चे भाषाविषयक कायदे झाले आणि २०११ मध्ये वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला. चारशे वर्षांपूर्वी न्यायालयातून हद्दपार झालेली भाषा न्यायालयात परतली. परंतु कायदा कचेरीत आणि शाळेत पोहोचतो. शेतघराच्या स्वयंपाकघरात त्याला शिरकाव नाही.

भाषेच्या भूगोलाच्या दृष्टीने यातून एक इशारा मिळतो. भाषेची सीमा मागे हटते असे म्हणण्याची अभ्यासकांची सवय आहे, आणि नकाशावर तशी रेघ काढताही येते. दाट वस्तीच्या प्रदेशात हे वर्णन चालते. विखुरलेल्या वस्तीत मात्र भाषा रेघेने हटत नाही. एखाद्या शेतघरात वारस उरत नाही, दोन शेते एका मालकाकडे जातात, रिकामे घर दुसऱ्या भाषेच्या कुटुंबाकडे जाते. आणि जेथे जितकी घरे तितकी केंद्रे आहेत, तेथे प्रत्येक घराबरोबर एक केंद्र नाहीसे होते. धर्मग्रामाच्या सरासरीत ते एका टक्क्याच्या अंशाएवढे दिसते. शेजाऱ्याच्या दृष्टीने मात्र कातरणीला येणारे, प्लगाइनमध्ये एक आवाज देणारे आणि एका वहीची राखण करणारे घर गेलेले असते. म्हणून अशा भागात भाषेची पाहणी करणाऱ्याने माणसे मोजून थांबू नये. चुली मोजाव्यात, आणि कोणती चूल कोणत्या चुलीशी कोणत्या भाषेत बोलते याची नोंद करावी.

ह्लानूदिनच्या बुडालेल्या घरांची संख्या इतिहासात नोंदलेली आहे, कारण ती एकदम गेली. ह्लानविहाङेलमध्ये रूथ इव्हान्सला पाठ असलेली कडवी लिहून घेणारा कोणी वेळेवर भेटला. ज्या घरांना असा लेखक भेटला नाही, त्यांच्याजवळ काय होते हे आता सांगता येणार नाही.